धोंड्याच्या महिन्यातलं अकरा हात पाणी

आमच्या विहिरीत पाणी किती, हे गावात एकट्या मला माहीत असायचं. विहीर मळ्यात आहे, आजोबांच्या वेळची, तांबड्या दगडात खोदलेली. वडील गेले त्या सालापासून मी दर अमावस्येला तिचं पाणी मोजत आलो. अमावस्याच कामून, तर आमच्याकडं त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत न्हाईत. बैलाला सुट्टी, म्हणजे मला सवड. आता दावणीला बैल न्हाईत, अमावस्या राहिली. अंबाडीचा दोर, टोकाला दगड, आणि कोपरापासून मधल्या बोटापर्यंत माझ्या हाताच्या मापानं एकेक गाठ. दगड तळाला टेकला की दोर ताणून धरायचा, वर ओढायचा आणि ओल्या गाठी मोजायच्या. सात गाठी ओल्या, सात हात पाणी. घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या अमावस्येच्या चौकोनात आकडा लिहायचा. साल सरलं की कॅलेंडर गुंडाळून फडताळात.

मी शाळा सातवीपर्यंत शिकलो. ह्या लिखाणात चुका असतील. सुधारून देतो म्हणणारा घरातच होता, पण मी त्याला हात लावू दिला न्हाई.

आमच्या पट्टीतल्या साऱ्या विहिरी एकमेकींच्या मागं चालतात. माझी उतरली की सगळ्यांच्या उतरतात. म्हणून पौष लागला की लोक माझ्या कट्ट्यावर यायचे. "अप्पा, पाणी किती?" मी लगेच सांगत नसे. बसा म्हणायचो, चहा व्हायचा, इकडचं तिकडचं निघायचं, आणि माणूस उठायच्या बेताला आला की सांगायचो, "नऊ हात हाय. भुईमूग घ्या. कांद्याच्या नादी लागू नगा." माणूस मान डोलवून जायचा आणि भुईमूगच घ्यायचा. मला ह्याच्यापलीकडं गावाकडून काही नको होतं. सरपंचकी नको, देवळाची पंचकी नको. हे एवढं होतं.

आता धाकट्याचं सांगतो. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ, सहा वर्षांनी लहान. वडलांना दोघांतल्या एकाला शाळेतून काढायचं होतं, तेव्हा मला काढलं, कारण औत धरण्याएवढा मी झालो होतो आणि तो झाला नव्हता. त्याच्या हुशारीचा त्यात काही संबंध न्हाई, हे मी कैक जणांना सांगितलं आहे. तो हुमनाबादला शिकला, गुलबर्ग्याला कॉलेज केलं आणि तिथंच आकडेवारीच्या सरकारी खात्यात लागला. गावोगावची माणसं, जनावरं, विहिरी, पेरा हे सगळं मोजून कागदावर मांडायचं, असलं काम. मी गावात म्हणायचो, मी जे फुकट करतो ते तो पगारावर करतो. लोक हसायचे. पण तो सुट्टीला आला की तेच लोक "साहेब, साहेब" करत उभे राहायचे. मला अप्पा म्हणायचे. अप्पा काय, वय झालं की कुणीही होतो.

रिटायर झाल्यावर धाकटा बायकोला घेऊन गावी आला, वाटणीत त्याच्याकडं आलेल्या खोल्यांत राहिला. सोबत कंप्युटर आणला, मांडीवर मावेल एवढा. मला वाटलं, सिनेमे बघत बसेल. आठ-दहा दिवसांत बघतो तर पंचायतीच्या पुढच्या लिंबाखाली वीसेक माणसं त्याच्याभोवती गोळा झालेली. मीही गेलो. आपण वाटेनंच चाललो होतो असं दाखवत गेलो.

कंप्युटरात आमच्या तालुक्याचा नकाशा होता. त्यावर ठिपके, काही तांबडे, काही निळे. ठिपक्यावर टिचकी मारली की रेघ उघडायची.

"हे माझं काय न्हाई," धाकटा सांगत होता. "सरकारचेच आकडे हायत. पावसाचे, विहिरींचे. सगळ्यांसाठी उघडे ठेवलेत, कुणीबी घ्यावेत. पण ते असे पानंच्या पानं पडलेले असतात, माणूस बघूनच उठतो. ह्या साइटवर ते आकडे घातले की त्याचं चित्र होतं. आन ही लिंक धाडली की तुमच्या फोनात तेच चित्र."

फोन खणखणायला लागले. एकेक जण अंगठ्यानं नकाशा मोठा करत आपलं गाव शोधायला लागला. मी वाकून बघितलं. सरकारी विहिरीची रेघ वैशाखात वर चढलेली आणि भाद्रपदात खाली. मला आनंद झाला. मोठ्यानं म्हणालो, "साहेब, तुमच्या कंप्युटरात उन्हाळ्यात पाणी चढतंय व्हय? आमच्या विहिरीत तर उतरतंय बाबा!"

सगळे खदखदून हसले. धाकटा काही रागावला न्हाई. त्याचं हेच मला आवडत न्हाई.

"बरोबर बोललात अण्णा," म्हणाला. "खात्यात पाणी जमिनीपासून किती खोल गेलं ते मोजतात. खोली वाढली की रेघ वर जायली. लोकांना उलटंच वाटणार." आणि दोन टिचक्या मारून त्यानं सगळं चित्र उलटं केलं. आता उन्हाळ्यात रेघ खाली, पावसाळ्यात वर. लोक म्हणाले, वा साहेब! चूक मी काढली आणि वा त्याला मिळाली.

त्या पौषात माझ्या कट्ट्यावर कुणी आलं न्हाई. एक जण आला, तो चहाच्या वक्ताला सहज आला होता. मीच म्हणालो, "आठ हात हाय." तो म्हणाला, "व्हय अप्पा, बघितलं सकाळी फोनवर." कारण धाकटा आता आमच्याच विहिरीवर दर रविवारी पोलादी टेप घेऊन जायचा आणि आकडा त्या चित्रात घालायचा. विहीर दोघांच्या वाटणीची, मना करता येईना. मी अमावस्येला एकदा मोजणार, तो महिन्यात चारदा. मी हातात, तो सेंटिमीटरात. कधी कधी मी मळ्यातल्या आंब्याआडून त्याला मोजताना बघायचो. टेप एकदा सोडला की आकडा लागायचा त्याचा. मला दोर दोनदा सोडावा लागतो.

मग एक दिवस तो माझ्याकडं आला.

"अण्णा, तुमची कॅलेंडरं द्या."

"कामून?"

"सरकारची विहीर आपल्याला जवळ म्हणावं तर निर्णा गावाकडं. तिचेबी आकडे मधून मधून गायब. तुमच्याकडं दर अमावस्येचा आकडा हाय, तीस-पस्तीस सालांचा. असं मी नोकरीत कुठं बघितलं न्हाई."

"न्हाई देत."

बायको आतून म्हणाली, "द्या की अवो. फडताळात झुरळंच वाचायलीत ती."

मी दिली न्हाईत. पण आठवडाभरानं पिठाच्या गिरणीत शेजारच्या गावच्या एका माणसानं मला फोन दाखवला. "ही तुमच्या गावच्या साहेबांची रेघ बगा." बोटभर लांबीची रेघ, एका सालाची. आणि माझ्या मनात आलं, हिच्या शेजारी माझी पस्तीस सालांची रेघ पडली तर? मग सगळ्या तालुक्याला दिसेल कोण काय आहे ते. त्याच संध्याकाळी कॅलेंडरांची गुंडाळी काखेत घेऊन मी त्याच्या दारात गेलो. एक अट घातली, खाली लिहायचं की हे मोजमाप थोरल्याचं.

"लिहितो की. तुमचंच हाय."

त्यानं माझा दोर मागवून गाठी मापल्या, मग माझा हात टेपनं मापला. "अण्णा, दोराचा हात मोठा हाय, तुमचा आखूड भरायलाय."

"दोर बांधला तवा मी जवान होतो."

"मग दोराचाच धरतो," म्हणाला. माझा हात त्यानं हलकेच खाली ठेवला. लहानपणी मी त्याला विहिरीत पोहायला शिकवताना असाच धरायचो. मला ते आवडलं न्हाई.

दोन दिवसांनी त्यानं बोलावलं. सांगतो खरं, मी वाकून दोनदा बघितलं. एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत करवतीच्या दात्यांसारखी रेघ. दर साली वर, दर साली खाली. माझ्या पस्तीस पावसाळ्यांचे पस्तीस दाते. मोठ्या पावसाचं साल ओळखू आलं, थोरली मुलगी उजवली ते साल ओळखू आलं. त्याची रेघ माझ्या शेवटाला शेपटीसारखी चिकटलेली. माझी छाती भरून आली. मग त्यानं मधोमध बोट ठेवलं.

"अण्णा, हे काय हाय?"

दोन दात्यांच्या मधल्या खळग्यात, भर उन्हाळ्यात, एक शिंग उभं होतं. आधी चार हात, नंतर तीन हात आणि मधे एकदम अकरा.

"हा अधिक वैशाख," तो म्हणाला. "त्या साली पाऊसबी कमी हाय. सरकारच्या आकड्यात बगा. मग धोंड्याच्या महिन्यात अकरा हात पाणी कसं?"

मला सगळं आठवलं, आणि मी म्हणालो, "झरा हाय तिथं. कधी कधी सुटतो."

खरं काय होतं ते आता लिहितो. त्या साली येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या झाली, मळ्यात सगळ्यांची जेवणं झाली, आणि आठ दिवसांत मी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडलो. मांडीचं हाड मोडलं. पौषापासून वैशाखापर्यंत खाटेवर. बायको म्हणाली, मी मोजून येते. मी दोर उशाखाली ठेवला. कुणाच्या हातात द्यायचा न्हाई म्हणजे न्हाई. मग अमावस्या आली की गेल्या सालचं कॅलेंडर काढायचो आणि त्याच महिन्याचा आकडा नव्यात उतरवायचो. पौषाचा पौषात, माघाचा माघात. कोण बघतं? पण त्या साली धोंड्याचा महिना आला, आणि गेल्या सालात धोंडा नव्हता. उतरवायला आकडाच न्हाई. चौकोन रिकामा.

त्याच दिवसांत धाकटा गुलबर्ग्याहून मला बघायला आला. मोसंबी आणली होती. खाटेजवळ बसला आणि म्हणाला, "येताना मळ्याकडनं आलो अण्णा. विहिरीत तळ दिसायलाय." माझी विहीर, मी खाटेवर, आणि ह्यानं येता येता वाकून बघून मलाच सांगायचं! तो परत गेला आणि मी कॅलेंडर मागवून घेतलं. त्या रिकाम्या चौकोनात अकरा लिहिले. दाबून लिहिले, कागद मागून उमटला. मग त्याच्या पुढच्या निज वैशाखात गेल्या सालचे तीन. हे मी कुणाला फसवायला केलं न्हाई. तळ दिसायलाय म्हणणाऱ्याला उत्तर द्यायचं होतं, आणि ते त्यानं कधी वाचणार नव्हतं.

माझ्या तोंडून झरा निघाला तो गावभर झाला. धाकट्यानं चित्र सगळ्यांना धाडलं, खाली लिहिलेलं होतं, मोजमाप थोरल्या बंधूंचं. लोकांनी पस्तीस दात्यांकडं बघितलंच न्हाई, सगळे शिंगाकडं बघायला लागले. धोंड्याचा महिना म्हणजे देवाचा महिना, आणि त्याच महिन्यात पाणी चढलं, ह्याला काय म्हणायचं? कुणी विहिरीवर जाऊन नारळ फोडला. बाहेरगावची दोन माणसं फोन दाखवत विहिरीचा पत्ता विचारत आली. आणि माझा कट्टा भरला. "अप्पा, झरा कुठल्या अंगाला हाय?" मी कधी पूर्वेला सांगायचो, कधी देव जाणे म्हणायचो. धाकट्याच्या दारात दोन चपला, माझ्या दारात दहा. मी मोजायचो.

बायकोला सगळं माहीत होतं. ती लोकांपुढं काही बोलली न्हाई. भाकरी वाढताना म्हणाली, "झरा लागला म्हणं. खाटंखाली लागला का उशाखाली?"

"गप बस."

"मी गपच हाय. गावच बोलायलंय."

शेजारची म्हातारी अक्का एकदा कट्ट्यावर सगळ्यांदेखत म्हणाली, "कुठलं पाणी रे अप्पा त्या साली? आमी नाल्यात झिरे खणून वाटी वाटी पाणी भरत होतो." एक जण तिच्यापुढं फोन धरून म्हणाला, "अक्का, हे बग की, चित्रात दिसायलंय." अक्कानं चष्मा नसताना त्या शिंगाकडं बघितलं आणि म्हणाली, "असंल बाबा. माझं वय झालं." मला त्या म्हातारीकडं बघवेना.

शाळेतल्या एका मास्तरनं तर गावाच्या व्हॉट्सअॅपवर लिहिलं की हा आकडा चुकीचा वाटतो, काढून टाका. त्याला धाकट्यानं जे उत्तर दिलं ते लोकांनी मला वाचून दाखवलं. "माझा भाऊ पस्तीस सालं मोजायलाय. त्यो खोटा आकडा लिहिणार न्हाई." मी म्हणालो, बरोबर लिहिलं. त्या दिवशी मात्र कट्ट्यावरून लवकर उठलो.

हे सगळं मी निभावून नेलं असतं. मेल्यावर कोण विचारतं? पण पंचायतीत नळाच्या पाण्याची नवी योजना आली. गावाला बारमाही पाणी कुठून द्यायचं, ह्याचा शोध चालला होता. दोन जागा होत्या. एक नाल्याच्या वरच्या अंगाला, लांब, तिथून गावापर्यंत पाइप आणायचा. दुसरी आमची विहीर, जवळ. पंचायतीचे अध्यक्ष म्हणाले, "दुष्काळाच्या साली धोंड्यात अकरा हात पाणी असलेली विहीर सोडून लांब कशाला जायचं? चित्र सरकारच्या आकड्यांच्या शेजारी लागलेलं हाय." ग्रामसभा ठरली.

मी दोन दिवस मळ्यात जाऊन बसलो. विहिरीत वाकून बघायचो. हिच्यात झरा असता तर मला माहीत नसता का? पुढचं दुष्काळी साल येईल, टाकी बांधलेली असेल, नळ बसलेले असतील आणि नळातून वारा येईल. बाया घागरी घेऊन परत नाल्यात झिरे खणायला जातील, आणि त्यांत अक्काची नातसूनही असेल. तेव्हा मी नसेन कदाचित. पण माझं नाव त्या चित्राखाली असेल.

बोललो तर कट्टा जाणार. बोललो तर सगळं परत त्याच्याकडं जाणार. त्याच्याकडं काय काय आहे, मी मोजलं. शिक्षण त्याच्याकडं, पगार खाऊन झालेला, साहेब म्हणवून घेणं त्याच्याकडं, आईनं शेवटचं पाणी त्याच्या हातचं घेतलं. माझ्याकडं एक दोर आणि हे अकरा हात. आणि ते अकराही खोटे.

ग्रामसभेच्या दिवशी बायको म्हणाली, "मी येऊ का?"

"कशाला?"

"तुमी बोलला न्हाई तर मी बोलीन म्हणून."

"मग येऊ नगस. बोलतो."

शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. धाकट्यानं भिंतीवर चित्र मोठं करून पाडलेलं. शिंग पुरुषभर उंच दिसत होतं. आमचं गाव कर्नाटकात, पंचायतीचा अधिकारी विजापूरकडचा, त्याला मराठी येत नव्हती. इंजिनियर होता, अध्यक्ष होते. धाकटा सगळं समजावत होता, आधी मराठीत, मग कानडीत. "ह्या जागी तपासणी व्हायला पाहिजे. पण मोजमाप भरवशाचं हाय, एवढं मी सांगू शकतो," असं तो म्हणाला, आणि मी उभा राहिलो.

"त्या साली मी विहिरीत उतरलोच न्हाई," म्हणालो. "सहा महिने खाटंवर होतो. पौषापासून वैशाखापर्यंतचे आकडे मागच्या सालचे उतरवलेत. आन ते अकरा माझ्या मनचे हायत. झरा बिरा काय न्हाई तिथं."

कुणीच हसलं न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं. अधिकारी इकडं तिकडं बघायला लागला, काय झालं म्हणून. धाकट्यानं भाषांतर करायला तोंड उघडलं, पण माझी लाज त्याच्या तोंडून जाऊ द्यायची नव्हती. मीच कानडीत परत सगळं सांगितलं. एकच गोष्ट दोन भाषांत, दोनदा. दुसऱ्यांदा सोपं जाईल वाटलं होतं, गेलं न्हाई.

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे नारळ वाया गेला की!" तेव्हा हशा झाला. अक्का भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मी म्हणत नव्हते व्हय रे? मला येडी ठरवलंत." आणि माझ्याकडं न बघता पदर सावरला.

मी धाकट्याकडं बघितलं. त्याचा चेहरा पडलेला, एवढ्या लोकांत. आणि लपवत न्हाई, त्या घडीला मला बरं वाटलं. पस्तीस सालांत पहिल्यांदा साहेबाचं काही चुकलं होतं, आणि ते माझ्यामुळं चुकलं होतं. फार वेळ न्हाई, पण वाटलं.

नाल्याची जागा पक्की झाली. सभा सुटल्यावर धाकटा कंप्युटर पिशवीत घालत होता. मी जवळ गेलो. म्हणालो, "झालं ते झालं."

त्यानं पिशवीची चेन दोनदा ओढली, मग म्हणाला, "अण्णा, त्या धोंड्यात मी तुमाला बघायला आलो होतो. येताना मळ्याकडनं आलो होतो. विहिरीत तळ दिसायला होता, मला आठवत होतं."

"मग बोललास कामून न्हाई?"

"तुमचा आकडा बघितला. म्हणालो, मलाच चुकीचं आठवायलंय. मी एकदा वाकून बघितलं असंल, अण्णा दर महिन्याला मोजतेत." आणि तो निघून गेला. चेन अर्धीच लागली होती.

मी ते ऐकायला तयार नव्हतो. तो मला खोटा म्हणेल, चार लोकांत बोलेल, ह्याची मी तयारी केली होती. त्यानं आपल्या डोळ्यांपेक्षा माझं कॅलेंडर खरं धरलं, हे मला शिवी दिल्यापेक्षा जास्त लागलं. मी त्याच्या कुठल्या गोष्टीवर कधी असा विश्वास ठेवलाय? एक आठवेना.

महिनाभर आमचं बोलणं नव्हतं. अमावस्येला मी विहिरीवर गेलो, आकडा लिहिला, कुणाला सांगितला न्हाई आणि कुणी विचारला न्हाई. मग एका रविवारी तो टेप घेऊन मळ्यात आला आणि माझ्या शेजारी काठावर बसला.

"त्या सहा महिन्यांचं काय करू?" म्हणाला.

"काय करायचं? पुसून टाक सगळी पस्तीस सालं. खोट्या माणसाची हायत."

"बाकीची मी निर्ण्याच्या विहिरीशी लावून बघितली. जिथं तिचे आकडे हायत तिथं सगळी जुळायलीत. फक्त तीच सहा न्हाईत." मग म्हणाला, "तेवढी जागा रिकामी ठेवतो. रेघ तिथं तुटलेली दिसंल. खाली कारण लिहावं लागतं. आजारपणामुळं मोजणी झाली न्हाई, असं लिहू?"

"आजारपणामुळं न्हाई. बायको मोजायला तयार होती. दोर मी दिला न्हाई."

"मग काय लिहू?"

"लिही, मोजलं न्हाई. एवढंच."

त्यानं तेवढंच लिहिलं. पुढं गंमत अशी झाली की लोक पुन्हा त्याचंच कौतुक करायला लागले. साहेबांनी घरच्या माणसाची चूकसुद्धा झाकली न्हाई, असा माणूस पाहिजे! मास्तरनं व्हॉट्सअॅपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं. सभेत उभा मी राहिलो, दोन भाषांत बोललो मी, आणि प्रामाणिक तो ठरला. बायकोला म्हणालो तर ती म्हणाली, "तुमी काय प्रामाणिकपणाचं बक्षीस आणायला गेला होता का?"

कट्ट्यावर आता दोघं-तिघं येतात, बहुतेक चहाला. आल्यावर फोन काढतात आणि माझ्याच रेघेतली रिकामी जागा मलाच बोटानं दाखवतात, अप्पा, हे तुमचे सहा महिने. मी बघतो. बाकीची पस्तीस सालं कुणी दाखवत न्हाई.

धाकट्याची रेघही बघतो, रोज बघतो. फोनवर ती उघडायला मी शिकून घेतलंय, त्याला माहीत न्हाई. एकेक रविवार नीट लागलेला, कुठं तुटलेली न्हाई, कुठं शिंग न्हाई. पण त्याची रेघ अजून दोन सालांचीच आहे. बघू.